एफवाय काका

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत माणसाला त्याच्या नावाने ओळखायची पद्धत नाही. तळमजल्यावर ‘लिफ्टवाले’ राहतात. त्यांच्याकडे लिफ्ट नाही, इमारतीलाही नाही. लिफ्टच्या ठरावाला गेली अकरा वर्षं ते एकटे विरोध करत आलेत, म्हणून लिफ्टवाले. पहिल्या मजल्यावर ‘टाकीवाले’. आणि तिसऱ्या मजल्यावर, बरोबर माझ्या दारासमोर, एफवाय काका.

हे नाव पोरांनी ठेवलं. एका संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये क्रिकेट रंगात आलं होतं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बनियन-लेंग्यातले, कानांवरचे केस पिकलेले एक गृहस्थ आले आणि म्हणाले, ‘‘अरे, जरा हळू रे पोरांनो. उद्या माझा एफवायचा पेपर आहे.’’

बोलर धावता धावता थांबला. बाळ झोपलंय, बीपी वाढलंय, सत्यनारायणाला भटजी बसलेत, ही सगळी कारणं पोरांनी गॅलऱ्यांमधून ऐकली होती आणि कधी जुमानली नव्हती. हे कारण नवीन होतं. त्यांनी आपापसांत काही बोलून घेतलं, स्टंप उचलले आणि मुकाट्याने निघून गेली. भटजींना न मिळालेला मान त्या दिवशी काकांना मिळाला.

काकांना काहीतरी गवसलं ते, मला वाटतं, त्याच संध्याकाळी.

त्यांची हकिगत तशी साधी आहे. कॉलेजला असताना वडील गेले. मुंबईतल्या एका निमसरकारी कचेरीत अनुकंपा तत्त्वावर क्लार्कची जागा मिळाली आणि बी.ए.चं दुसरं वर्ष अर्धवट राहिलं ते राहिलंच. पुढे लग्न, डोंबिवलीची जागा, जागेचं कर्ज, मुलगा. शेहेचाळिसाव्या वर्षी शेजारच्या टेबलावर तेवीस वर्षांचा एक पदवीधर आला आणि आठ महिन्यांत त्यांचा साहेब झाला. साहेब स्वभावाने चांगला होता, काकांना ‘काका’च म्हणायचा. पण रजेच्या अर्जावर सही करताना तो पोरगा ‘‘काका, परत आजारी?’’ म्हणाला आणि काकांनी घरी येऊन ऑनलाइन बी.ए.चा फॉर्म भरला. कुठल्या विद्यापीठाचा ते सांगत नाही. सर्व्हर सगळ्यांचे एकाच वेळी बंद पडतात, उगाच एकाचं नाव कशाला घ्या.

म्हणजे कारण पदोन्नतीचं होतं, हे खरं. पण मराठी घरात ‘अभ्यास’ या शब्दाचं वजन किती आहे, याचा काकांना पंचवीस वर्षांत विसर पडला होता. देवासमोर बसलेल्या माणसालाही सिलेंडरवाला आला तर आपण उठवतो. ‘‘अभ्यासाला बसलाय’’ म्हटलं की सिलेंडरवालाही आवाज खाली आणतो. रविवारी सकाळी डाळीला फोडणी पडायच्या सुमाराला काका बेडरूमचं दार लावून घेऊ लागले. मग गिरणी, इस्त्री, वहिनींच्या मावसबहिणीकडची बारशी, सोसायटीची वार्षिक सभा हे सगळं दाराबाहेर राहिलं. आत ते नेमकं काय करतात, असं मी एकदा वहिनींना विचारलं. वहिनी म्हणाल्या, ‘‘उशीवर इतिहासाची शाई उमटलेली असते. म्हणजे पुस्तक उघडं असतं, एवढं नक्की.’’

घरात त्याच वर्षी दहावीचा मुलगाही होता. भिजवलेले बदाम दोघांत वाटले जायचे आणि मोठी वाटी काकांना, कारण ‘‘त्यांचं ग्रॅज्युएशन आहे’’. तो मुलगा कधी कधी बापाच्या खोलीत डोकावून ‘‘बाबा, मोबाईल ठेवा. युनिट झालं का?’’ असं विचारायचा, आणि त्या आवाजात वर्षानुवर्षांचा हिशोब चुकता केल्याचं समाधान असायचं.

काकांचा खरा छळ व्हायचा तो लग्नाकार्यात. ‘‘काय, बाहेरून करताय म्हणे?’’ असं विचारणारा एक तरी नातेवाईक हॉलच्या दाराशीच उभा असतो. हा ‘बाहेरून’ त्यांना फार लागतो. ‘‘नोकरी बाहेर, भाजी बाहेर, लाईटबिलाची रांग बाहेर,’’ ते मला म्हणाले, ‘‘आयुष्यात ही एकच गोष्ट मी घरात बसून करतोय, आणि हे लोक म्हणतात बाहेरून!’’ मामेसासऱ्यांची तर आजही समजूत आहे की जावयाने दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. ते खांद्यावर हात ठेवून मायेने विचारतात, ‘‘यंदा तरी गणित सुटेल ना?’’

यावर काकांनी एक भाषण तयार केलंय. पंगतीत वरणभात संपेपर्यंत ते ब्रिटनमध्ये असतात: तिथलं मुक्त विद्यापीठ १९६९ साली निघालं, १९७१ साली शिकवणं सुरू झालं, आणि प्राध्यापक बीबीसीवरून अपरात्री भूमिती शिकवायचे. मसालेभाताबरोबर भारत येतो. आधी १९८२ साली हैदराबाद, मग १९८५ साली दिल्लीचं इग्नू, आणि १९८९ साली आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. ‘‘ज्ञानगंगा घरोघरी,’’ इथे काका थांबतात, कारण या ब्रीदवाक्यानंतर कुणीतरी मान डोलवावी अशी त्यांची अपेक्षा असते. पण तोवर वाढपी मठ्ठा घेऊन आलेला असतो. ‘‘पहिले कुलगुरू कोण? राम ताकवले. आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, नंतर इग्नूचेही झाले. एवढा मोठा माणूस बाहेरून शिकवायला गेला असता का?’’ जिलबीपर्यंत कुणी टिकलाच, तर त्याला खिशातला लॅमिनेट केलेला कागद दाखवला जातो. मान्यताप्राप्त संस्थेतून दूरस्थ किंवा ऑनलाइन घेतलेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली जाहीर केलं होतं, त्याची ती प्रत. त्या कागदावर आमटीचे दोन डाग होते, म्हणूनच लॅमिनेट केला.

मी यावर काही बोलत नाही. माझी पदवी नियमित आहे. अनियमित मी होतो. तीन वर्षांत मी कॉलेजमध्ये काय शिकलो म्हणाल, तर कॅन्टीनवाल्याची उधारी सेमिस्टरच्या शेवटापर्यंत कशी लांबवायची. दूरशिक्षणाशी माझा संबंध आला तो त्याआधी, दूरदर्शनवर. १५ ऑगस्ट १९८४ पासून त्याच अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दुपारी लागायचे. शाळेतून आल्यावर आम्ही तेही बघायचो, कारण दुसरं काही लागतच नसे. चष्मा लावलेला एक गृहस्थ कसलं तरी यंत्र उलगडून दाखवायचा, आणि आई म्हणायची, बघ, किती हुशार आहे. त्या गृहस्थाने काय सांगितलं ते आम्हा दोघांनाही कळलेलं नाही.

काकांच्या प्रगतीचा हिशोब मात्र चोख आहे आणि तो लोकलमध्ये झाला. एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिटं, म्हणजे ३,६०० तास. डोंबिवली ते सीएसएमटी जाऊन-येऊन अडीच तास. वर्षाचे कामाचे दिवस २८० धरले तर ७०० तास. पेपरच्या कडेला भागाकार झाला: पाच वर्षं आणि वर जवळपास दोन महिने. ‘‘म्हणजे घरच्या वेळेला हातच लावायचा नाही,’’ काका म्हणाले. पण लोकलच्या ग्रुपमधल्या मंडळींनी शंका काढल्याच. उभ्याने केलेला अभ्यास धरायचा का? दिव्यापासून ठाण्यापर्यंत दोन्ही हात वर अडकलेले असतात, त्या वेळचं काय? शेवटी चौथ्या सीटवर टेकायला मिळालं तर अर्धा तास धरावा, असं ठरलं. पावसाळ्यात काका भराभर पुढे जायचे. एकदा कुर्ला आणि सायनच्या मधे गाडी चार तास पाण्यात उभी राहिली. डब्यात लोक देवाचं नाव घेत होते, घरी फोन लावत होते. काकांचं त्या दिवशी राज्यशास्त्राचं अख्खं युनिट झालं.

आता या शिक्षणात मधेच उतरायची सोयही आहे. एक वर्ष झालं की सर्टिफिकेट, दोन झाली की डिप्लोमा, तीनला पदवी, चारला ऑनर्स. काकांनी हे ग्रुपला ठाणे, घाटकोपर, दादर, सीएसएमटी असं समजावून दिलं आणि सगळ्यांना एका क्षणात कळलं. दिल्लीत हे धोरण लिहिताना कुणी डोंबिवलीकर हाताशी घेतला असता तर पानं वाचली असती. ‘‘आणि ही क्रेडिटं बँकेत जमा होतात,’’ काका म्हणाले. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, थोडक्यात एबीसी. ‘‘शेहेचाळिसाव्या वर्षी मला एबीसी मिळाली. पण सात वर्षांपर्यंतच चालतात हं, पुढे बाद.’’ बँकेत काही साठवायची काकांची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे ते पासबुक बघावं तसं ते खातं रोज उघडून बघायचे.

पहिल्या वर्षी इंग्रजीत गचकले. एटीकेटी लागली. मुंबईच्या बाहेर वाढलेल्यांना ही चार अक्षरं समजावून सांगणं अवघड आहे. नापास झालात पण पुढच्या वर्गात बसा, असं म्हणणारी ही व्यवस्था आहे. ती विद्यापीठापुरती राहिली नाही, आमची निम्मी लग्नं आणि सगळे रस्ते तिच्यावरच चालतात. प्रश्न उभा राहिला तो पोरांपुढे: आता यांना एसवाय काका म्हणायचं की नाही? टाकीखाली बैठक झाली. अकरावीतल्या एका जाणत्या मुलाने निवाडा दिला, ‘‘केटी सुटेपर्यंत एफवायच.’’ काकांनी तो मान्य केला. केटी दोन सेमिस्टरांनी सुटली, पण तोवर नावाची जिभेला सवय झाली होती, आणि कुरियरवालाही वॉचमनला ‘एफवाय तिसरा मजला’ एवढंच सांगू लागला होता.

महिन्यातून एका रविवारी संपर्क सत्र असायचं. मुक्त शिक्षणाच्या भाषेत शिकवणाऱ्याला ‘समंत्रक’ म्हणतात. हा शब्द काकांच्या आईंनी पहिल्यांदा ऐकला तो स्वयंपाकघरातून, आणि कानाला नीट लागला नाही. पुढचे सहा महिने कल्याणच्या नातेवाइकांत कुजबूज होती की हा दर महिन्याला मांत्रिकाकडे जातो, आणि जातो ते बढतीसाठी. आईंची चुलतबहीण तर ‘‘गुण येतोय का?’’ असं विचारून गेली. आई म्हणाल्या, ‘‘येतोय. पण इंग्रजीत कमी.’’

हे सत्रही पुढे झूमवर आलं. काकांच्या वर्गात एक पोलीस हवालदार होते, एक अंगणवाडी सेविका, एक एसटीचे कंडक्टर, आणि दुबईहून हजेरी लावणारे एक वेल्डर. पहिली वीस मिनिटं ‘‘सर, आवाज येत नाही’’ आणि ‘‘आता येतोय का?’’ यांत जात. हवालदारसाहेब बंदोबस्तावरून बसत, त्यांच्या मागे बहुधा मिरवणूक असे. समंत्रक एकदा लोकशाहीची लक्षणं सांगत होते, तेवढ्यात कुणाच्या तरी उघड्या माइकमधून एक बाई स्पष्ट विचारत्या झाल्या, ‘‘भाकऱ्या टाकू का अजून चालायचंय यांचं?’’ समंत्रक क्षणभर थांबले, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, ‘‘टाका.’’

आता आईंकडे यायला हवं. मी काकांविषयी लिहायला बसलो खरा, पण या पदवीत त्यांचा वाटा किती, याचा हिशोब अजून लागलेला नाही.

ऑनलाइन शिक्षणात व्हिडिओ पूर्ण बघितला की हिरवी टिक लागते. टिका जमल्या की प्रगतीची पट्टी पुढे सरकते. काका दिवसभर कचेरीत. पट्टी सरकवायची कुणी? आई गुडघ्यांमुळे घरातच असायच्या. काकांनी लॅपटॉप डायनिंग टेबलवर ठेवला आणि सांगितलं, ‘‘अंधार झाला की इथे बोट लावायचं. प्रश्न आला की काहीतरी दाबायचं.’’ सातवी झाल्यावर आईंचं लग्न ठरलं होतं. त्यानंतर पडद्याला बोट लावून वर्ग चालू ठेवायचं काम त्यांच्याकडे आलं ते पंच्याहत्तरीत. त्या मेथी घेऊन बसायच्या, लसूण घेऊन बसायच्या. पहिले काही दिवस नुसती हजेरी लावली. मग ऐकायला लागल्या. मग प्राध्यापकांना गुण द्यायला लागल्या: ‘‘हा बरा सांगतो. ती मात्र नुसती वाचून दाखवते, मान वर करत नाही.’’ मधल्या प्रश्नांना आधी ‘काहीतरी’ दाबायच्या. नंतर बरोबर उत्तर आलं की मेथीची जुडी बाजूला ठेवून वहिनींना हाक मारायच्या.

मी दुपारी पेपर परत द्यायला गेलो की मलाही दोन युनिटं ऐकावी लागत. ‘‘तो हॉब्ज,’’ त्या मला म्हणाल्या, ‘‘माणसांना फार घाबरतो रे. सगळे एकमेकांच्या जिवावर उठलेत म्हणे, म्हणून राजा पाहिजे. शेजार चांगला मिळाला नसणार.’’ लॉकविषयी त्यांचं मत बरं होतं. माणूस मालमत्तेच्या बाबतीत सरळ बोलतो म्हणायच्या. खरी पंचाईत रूसोपाशी झाली. शिकवणाऱ्या बाईंच्या तोंडून ओघात निघून गेलं की रूसोने आपली पाचही मुलं अनाथालयात सोडली, आणि पुढे मुलांना कसं वाढवावं यावर ग्रंथ लिहिला. आईंनी लसूण खाली ठेवला. ‘‘पाचही?’’ त्यांनी पडद्याला विचारलं. त्यानंतर रूसोच्या एकाही व्हिडिओला त्यांनी बोट लावलं नाही. स्क्रीन काळी झाली, काळीच राहिली. तीन टिका पडल्या नाहीत. काकांनी रात्री येऊन विनवण्या केल्या, सामाजिक कराराचं महत्त्व सांगितलं, गुण जातील म्हणाले. ‘‘जाऊ देत,’’ आई म्हणाल्या. ‘‘त्याचं मी ऐकून घेणार नाही. तुला घ्यायचं तर तू बस.’’ त्या रात्री काका पहिल्यांदा स्वतः व्हिडिओ बघायला बसले, असं वहिनींचं म्हणणं आहे.

अशा घरातली परीक्षा कशी असेल? पेपर ऑनलाइन, बेडरूममध्ये. पण परीक्षेला माणूस घरातून निघतो ही आईंची पक्की धारणा. त्यामुळे पेपरच्या दिवशी काका अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून देवाला नमस्कार करायचे, तळहातावर दही-साखर घ्यायचे, चपला घालून तीन मजले उतरायचे, इमारतीला एक चक्कर मारायचे आणि परत वर येऊन बेडरूममध्ये शिरायचे. चक्करीत भेटणारा प्रत्येकजण ‘‘बेस्ट लक काका’’ म्हणायचा. लिफ्टवाले तेवढे म्हणाले, ‘‘बघा, जिना चढलात म्हणून डोकं तरतरीत राहतं.’’

काकांना या परीक्षेत एकाच गोष्टीचं दुःख होतं: पुरवणी नाही. आमच्या पिढीत पेपर कसा गेला ते पुरवण्यांवर मोजायचे. ‘‘चार लावल्या’’ म्हणणारा पास, ‘‘सहा लावल्या’’ म्हणणारा फर्स्ट क्लास. आत काय लिहिलंय ते घरात कुणी विचारत नसे. शेवटची घंटा झाल्यावर पांढऱ्या दोऱ्याने पुरवण्या बांधताना जी घाई व्हायची, आणि सुपरवायझर पेपर ओढत असताना गाठ मारायचं जे कसब होतं, ते काकांपाशी अजून शाबूत आहे. आता पडद्यावर प्रश्न येतो, खाली चार गोल, एकावर टिचकी मारायची. काकांची विद्वत्ता पसरट आहे. तिला गोलात मावायची सवय नाही. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं विचारली तर माणसाने प्रस्तावनेपासून सुरुवात करावी. तिथे ‘वरीलपैकी सर्व’वर टिचकी मारून पुढे जायचं, याला ते परीक्षा मानत नाहीत. मार्क मात्र घेतात.

आणि भरारी पथक. पूर्वी पथक जीपमधून यायचं, दोन गल्ल्या आधीच बातमी लागायची. आता ते लॅपटॉपच्या कपाळावरच्या डोळ्यात बसलेलं असतं. पेपर सुरू व्हायच्या आधी लॅपटॉप हातात धरून खोलीभर फिरवायचा, कॅमेऱ्याला चारही भिंती दाखवायच्या. काकांनी दाखवल्या: दोरीवरचे कपडे, कालनिर्णय, पलंगाखालचा गोधड्यांचा पेटारा. पेपर सुरू झाला आणि चौथ्या प्रश्नाला लाल इशारा आला की खोलीत दुसरी व्यक्ती आढळली आहे. काकांनी दार बघितलं, पलंगाखाली बघितलं. पुन्हा इशारा: परीक्षार्थी पडद्यावरून नजर हटवत आहे. मग लक्षात आलं. मागच्या भिंतीवर वडिलांचा हार घातलेला फोटो होता. हयातीत ज्यांनी मुलाच्या पुस्तकाला कधी हात लावला नाही, ते पंचवीस वर्षांनी कॉपी पुरवताना पकडले गेले होते.

पुढच्या पेपरापासून वडिलांना बेडरूममधून हलवायचं ठरलं. हॉलमध्ये खिळा नव्हता, म्हणून ओट्याच्या वरच्या भिंतीला लावले. आईंनी हार नीट केला आणि वहिनींना म्हणाल्या, ‘‘चाळीस वर्षांच्या संसारात नाही आले कधी. आले एकदाचे स्वयंपाकघरात.’’ परीक्षा संपल्यावरही फोटो तिथेच राहिला.

निकाल गेल्या जूनमध्ये लागला. अठ्ठावन्न टक्के. पाच वर्षं आणि दोन महिन्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात साडेपाच लागली. चार महिन्यांचा फरक काका मेगाब्लॉकच्या खात्यावर टाकतात. मधल्या काळात तो तेवीस वर्षांचा साहेब दुसरी नोकरी धरून गेला होता, बढतीची फाईल नव्या साहेबांच्या टेबलावर होती. टाकीखाली पोरांची पुन्हा बैठक झाली. ‘ग्रॅज्युएट काका’ सुचवलं गेलं, पण गॅलरीखालून हाक मारायला ते फार लांब पडतं, म्हणून ठराव नामंजूर झाला. लॅमिनेशनवाल्याकडे दुसरा कागद गेला.

मी पेढे खायला गेलो तेव्हा काका कधी नव्हे ते रविवारी सकाळी हॉलमध्ये बसले होते. बेडरूमचं दार सताड उघडं. समोर वहिनींनी गिरणीचा डबा काढून ठेवला होता, शेजारी इस्त्रीचं गाठोडं, आणि दुपारी कुणाच्या तरी बारशाला जायचं होतं. काका पेढ्याचा बॉक्स मांडीवर घेऊन, पदवीधराला शोभेल अशा मुद्रेने त्या डब्याकडे बघत होते.

आई आतून काठी टेकत आल्या. माझ्या हातावर पेढा ठेवला आणि मुलाकडे वळल्या.

‘‘अरे, ते लॅपटॉपवर काही लागेना. पासवर्ड चुकीचा म्हणतंय.’’

‘‘संपलं ना आई आता. लॉगिन बंद झालं. निकाल लागला.’’

‘‘निकाल तुझा लागला. माझं आठव्या आठवड्यावर राहिलंय.’’

याचा उलगडा काकांनी मला जरा ओशाळून केला. काही कोर्स बारा आठवड्यांचे असतात, दर आठवड्याला एक असाइनमेंट, पण गुणांना त्यांतल्या उत्तम आठच धरतात. म्हणून आठ झाले की काका तो कोर्स बंद करायचे आणि लॅपटॉपवर पुढचा लावायचे. म्हणजे साडेपाच वर्षांत आईंनी अनेक विषय ऐकले होते आणि त्यांतल्या कित्येकांचा शेवट त्यांना ठाऊक नव्हता.

‘‘त्या फ्रान्सच्या राजाचं सांग फक्त,’’ आई खुर्चीत टेकत म्हणाल्या. ‘‘बायकापोरं घेऊन रात्रीचा निघाला. नोकराचं सोंग घेतलं. आणि त्या गावात धरला. नोटेवर तोंड होतं म्हणे त्याचं, त्याच्यावरून एकाने ओळखला. नोटेवर तोंड छापलेल्या माणसाने पळून जायचं असतं का? परत पॅरिसला आणला, लोक दोन्ही बाजूंनी गप्प उभे. तिथे तू बंद केलंस. त्याचं पुढे काय झालं रे?’’

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी नियमित पदवीधर, इतिहास दुय्यम विषय. मी पेढ्याकडे बघितलं.

‘‘बघून सांगतो,’’ काका म्हणाले. त्यांनी बॉक्स टीपॉयवर ठेवला, गिरणीच्या डब्याला वळसा घालून आत गेले, आणि सवयीने दार लावून घेतलं.